सांगलीत इव्हेंट मॅनेजमेंट: धंदा चालतो का, आणि चालवायला काय लागतं?

नवा_भिडू_सांगली:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं नुसता वाचक आहे, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

पुण्यात एका इव्हेंट कंपनीत नोकरी केली. कामं बहुतेक कॉर्पोरेट, म्हणजे डीलर मीट, प्रॉडक्ट लाँच, कंपन्यांचे वर्धापनदिन. आता घरच्या कारणानं सांगलीला परत आलोय. विश्रामबागला छोटं ऑफिस टाकून लग्नं, वाढदिवस, शाळांची गॅदरिंग, दुकानांची उद्घाटनं घ्यायचा विचार आहे. आई म्हणते, "लोकांची लग्नं लावत फिरणार का आता?" ते मी हसण्यावारी नेलं. पण वडिलांनी विचारलं, "मांडववाला आहे, आचारी आहे, कार्यालय आहे. मधे तुला पैसे कोण देणार, आणि कशाबद्दल?" याला सरळ उत्तर देता आलं नाही.

तुमच्यापैकी कुणी या धंद्यात असेल किंवा अशा लोकांकडून काम करून घेतलं असेल तर सांगा. इथं टिकायला काय लागतं? सामान स्वतःचं घ्यावं की भाड्यानं आणावं? लोगो आणि इन्स्टाचं पान तयार आहे.

हळदपेठ:
लोगो झाला म्हणजे निम्मं काम झालं 😀 उरलेलं निम्मं म्हणजे वसुली.

चौघडा_मिरज:
आमचा पिढीजात मांडवाचा धंदा, त्यामुळं थोडं लांबण लावतो.

सामान घेऊ नकोस. निदान पहिली दोन-तीन वर्षं तरी नाही. ट्रस (लाइट टांगायचा धातूचा सांगाडा), एलईडी वॉल (मोठा उजळ पडदा), शार्पी लाइट (झोताचे दिवे) बघून डोळे दिपतात, पण आपल्याकडं लग्नं तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात, पौषात थंडावतात, पुन्हा माघापासून वैशाख-ज्येष्ठापर्यंत धडाका, आणि आषाढ लागला की शुकशुकाट. मधे गणपती-नवरात्रात मंडळांची कामं, ती ज्याच्या त्याच्या ओळखीवर. चातुर्मासात वॉल गोडाऊनात पडून राहते आणि बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला येतो. सामान आमच्यासारख्यांकडं आहे, ते वापर.

दुसरं, माणसं. मांडव उभारायला जी पोरं येतात त्यांना रात्री दोन वाजता चहा-वडापाव कोण देतो, ते त्यांच्या बरोबर लक्षात राहतं. एकाच मुहूर्तावर सगळीकडं लग्नं असतात, तेव्हा ती पोरं कुणाकडं जायचं ते यावरनं ठरवतात. मजुरी सगळे सारखीच देतात.

तिसरं, पैसे. तारीख धरायला विसार घेतल्याशिवाय डायरीत नाव लिहायचं नाही. मोठा हप्ता आठवडाभर आधी. राहिलेले अक्षता पडायच्या आधी. एकदा वरात निघाली की तो माणूस तुला ओळखत नाही. मग "आहेर मोजून झाल्यावर या", मग "पोरीची पाठवणी झाली, घरात कुणाचं चित्त नाही", मग "त्या दिवशी फुलं जरा कमीच होती हो".

नवा_भिडू_सांगली:
चौघडाकाका, मनापासून आभार. पण सुरुवातीची कामं नात्यातलीच येणार. मामाकडं विसार कसा मागायचा?

हळदपेठ:
मामाकडं मागायचा नाही. मामीकडं मागायचा.

वाईकर:
चौघडाकाकांचं सगळं बरोबर, पण ते लग्नापुरतं. साताऱ्याकडचं चित्र वेगळं आहे. महाबळेश्वर-पाचगणीला आता पुण्या-मुंबईची लग्नं होतात. त्यांच्या एजन्सी फुलांपासून डीजेपर्यंत सगळं तिकडनंच आणतात. पण घाटात ट्रक अडकला, पसरणी घाटात रात्री धुकं उतरलं, रिसॉर्टची वीज गेली, पाहुण्यातल्या आजींना रात्री डॉक्टर हवा झाला, की स्थानिक माणूस लागतो. मी हेच करतो. माझ्या नावाचा बोर्ड कुठल्याही स्टेजवर नसतो, पण महिना निघतो.

शूटिंगचंही तसंच. वाई-मेणवलीच्या घाटावर किती हिंदी सिनेमांचं चित्रीकरण झालं ते आमच्याकडं पोरंसोरंही सांगतील. त्यांना गर्दी आवरणारा, ग्रामपंचायतीशी बोलणारा, शंभर माणसांचा नाश्ता पहाटे पाचला पोचवणारा माणूस हवा असतो. साताऱ्याची यवतेश्वर घाटातली हाफ मॅरेथॉन बघून ये एकदा. हजारो लोक पळतात. रस्ता बंद, पाण्याचे टेबल, रुग्णवाहिका, शेवटचा पळणारा येईपर्यंत थांबणारे स्वयंसेवक. तिथं एक दिवस स्वयंसेवक म्हणून उभा राहा, खूप शिकशील.

त्यामुळं स्टेजवर दिसायची हौस आहे की काम करायची, ते आधी ठरव.

कागदपत्र:
उत्साहावर पाणी ओतायला आलोय. परवानग्यांबद्दल अजून कुणीच बोललेलं नाही, म्हणून.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार १२ वाजेपर्यंत सवलत देऊ शकतं, ते दिवस आधी जाहीर होतात. ते सणासुदीचे. तुमच्या भाच्याची हळद त्यात धरत नाहीत. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. मिरजेत दवाखाने किती आहेत ते मोजा आणि मग तिथं वरातीचा मार्ग ठरवा.

गाण्यांचं म्हणाल तर लग्न आणि वरातीत गाणी वाजवायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. तिकीट लावून ऑर्केस्ट्रा केलात किंवा हॉटेलात थर्टी फर्स्टचा कार्यक्रम घेतलात तर परवाना लागतो. नाटक-एकांकिका असेल तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र. त्याशिवाय पोलीस, महापालिकेचं अग्निशमन, तात्पुरत्या जोडणीसाठी महावितरण आणि मोठा मांडव असेल तर विद्युत निरीक्षक. हे सगळं एका फायलीत ठेवा आणि झेरॉक्स कार्यक्रमाच्या जागी हजर ठेवा. हवालदार आला की फाइल दाखवायची, आवाज चढवायचा नाही.

गावभागकर:
५५ डेसिबल? आमच्या मंडळातलं पोरगं नुसतं बोलतं ते ऐंशीच्या वर असतं.

चौघडा_मिरज:
चेष्टा नको. पूर्वी डॉल्बी लागली की आमच्या मांडवाचे नळ (लोखंडी खांब) हलायचे. आता पुष्कळ लोक हलगी, बेंजो, झांजपथक मागतात. बजेट तेवढंच, आणि मुख्य म्हणजे पोलीस चौकीत रात्र जात नाही. गिऱ्हाइकाला हे आधीच गोड शब्दात सांगणं, हेच मॅनेजरचं काम. नवरदेवाच्या मित्रांना आयत्या वेळी सांगायला गेलास तर मार खाशील.

तिसरी_घंटा:
विषय थोडा भरकटवतो. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत पहिलं नाटक केलं, हे आपण दरवर्षी ५ नोव्हेंबरला अभिमानानं सांगतो. मग हा धंदा शिकायला पोरं पुण्या-मुंबईला डिप्लोमा करायला का जातात? भावे नाट्यगृहात पडद्यामागं जा. नेपथ्य लावणारा, प्रकाशयोजनावाला, रंगमंच व्यवस्थापक कसे काम करतात ते बघा. एक माणूस विंगेत कागद घेऊन उभा असतो, त्याच्या खुणेशिवाय पडदा हलत नाही. प्रॉप, म्हणजे प्रयोगात लागणारी वस्तू, कुठल्या टेबलावर, कुठल्या क्रमानं, हे ठरलेलं असतं. तिसरी घंटा झाली की प्रयोग सुरू.

२००८ ला ८१ वं साहित्य संमेलन सांगलीत झालं तेव्हा आम्ही पोरं स्वयंसेवक होतो. मोठ्या साहित्यिकांपेक्षा जेवणाच्या रांगेनं जास्त शिकवलं.

गावभागकर:
नाटक वेळेवर सुरू होतं हे ऐकून डोळे पाणावले. लग्नाचं बोला. पत्रिकेत मुहूर्त १२ वाजून ३२ मिनिटं. भटजी तयार, सूत्रसंचालक "आता फक्त पाचच मिनिटं" म्हणतोय, आणि नवरदेव अजून बँडसमोर लोळतोय. ही ३२ मिनिटं कुठल्या पंचांगातली असतात?

तिसरी_घंटा:
तेच तर म्हणतोय. लग्नालाही विंगेतला माणूस हवा. पण त्याच्या हातात पडद्याची दोरी नसते, ही खरी अडचण.

कृष्णाकाठची:
मी विंगेतली बाई आहे, म्हणून लिहिते. डोहाळजेवण, बारशी, हळदी, साठीशांत अशी घरगुती कामं करते. मोठी लग्नं फार कमी. वरच्या चर्चेत एक गोष्ट राहिली, ती म्हणजे माणसं वाचणं.

पहिल्या भेटीला घरातले सगळे बसलेले असतात. बोलतो एकजण, निर्णय दुसऱ्याचा असतो आणि नंतर तक्रार तिसरा करतो. तो तिसरा कोण हे पहिल्याच चहात ओळखायचं. बहुतेक वेळा ती एखादी आत्या असते, जिला कुणी काही विचारलेलं नसतं. मी तिला मुद्दाम विचारते, "आत्या, तुमच्यात ओटी कशी भरतात?" प्रत्येक घराची पद्धत वेगळी असते, तेव्हा ती माहितीही खरीच उपयोगी पडते आणि कार्यक्रमाच्या दिवशी आत्या माझ्या बाजूनं असते.

मानपान हलक्यात घेऊ नका. स्टेजवर कुणाला आधी बोलवायचं, फेटा कुणाला, टॉवेल-टोपी कुणाला, याची यादी मी दोन्हीकडून वेगवेगळी लिहून घेते, आणि ती वाचून दाखवल्यावर दोघांच्याही घरच्यांची सही घेते. हो, सही. सुरुवातीला हसतात, मग देतात.

चौघडाकाका, तुमचं पैशाचं गणित मात्र मला पूर्ण पटत नाही. घरगुती कामात अक्षतांच्या आधी सगळे पैसे मागितले तर माणूस दुखावतो. मी थोडी रक्कम मागं ठेवते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः जाऊन आणते. जाताना कालचे चार फोटो घेऊन जाते. तेव्हाच पुढचं कामही मिळतं.

आणि नव्या भिडूला कधी ऐकावं लागणार नाही ते एक वाक्य: "मॅडम, तुमच्या साहेबांना बोलवा ना, जनरेटरचं बोलायचंय." आता मी जनरेटरवाल्याला आधीच विचारते, साउंड वेगळ्या फेजवर घेतलाय का. मग साहेब कुणी मागत नाही.

चौघडा_मिरज:
ताई, तुमची कामं माणसागणिक ओळखीची. माझ्याकडं परगावची पार्टी असते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गोकाकला पोचलेली असते, फोटो दाखवायला तिकडं जाऊ का?

कृष्णाकाठची:
तेही खरंच 😀

आमटीभात:
केटरिंगवाला बोलतोय. मॅनेजर चांगला की वाईट, हे मला ताटांच्या आकड्यावरून कळतं. गिऱ्हाईक म्हणतं पाचशे पानं. गावाकडचं लग्न असलं की आमंत्रण घराला नसतं, भावकीला असतं. येतात आठशे. कच्चा मॅनेजर गिऱ्हाइकाचा आकडा आहे तसा मला देतो. पक्का मॅनेजर विचारतो: त्या दिवशी गावात दुसरी लग्नं किती? बाजाराचा दिवस आहे का? पत्रिका किती छापल्या? मग मला सांगतो, पाचशे पक्की धर, दोनशेचा मसालेभात आणि आमटी जास्तीची ठेव, गोड मात्र मोजून कर. उरलेली जिलेबी परवडत नाही, भात एक वेळ परवडतो.

ताटं शंभर-शंभरच्या गठ्ठ्यात ठेवायची आणि गठ्ठा सुटताना दोन्हीकडच्या एकेका माणसानं वहीत खूण करायची. नंतर भांडण नाही. वाढप्यांना आधी जेवू घालायचं. उपाशी वाढपी फक्त पहिली पंगत नीट वाढतो.

पूररेषा:
पावसाळ्याबद्दल कुणी काही बोललं नाही म्हणून. गोडाऊन कुठं घेतोस ते बघ रे बाबा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट इशारा पातळी, ४५ धोका. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा गावात शिरलं, २००५ चं जुन्या लोकांना आठवतच असेल. भाडं स्वस्त म्हणून नदीकडच्या बाजूला घेतलेल्या गोडाऊनात सोफे, गाद्या, कार्पेट सगळं चिखलात गेलेलं बघितलंय. लाकडी फ्रेमचा राजाराणी सोफा एकदा भिजला की संपला.

आणि उन्हाळ्यात वळीव. दुपारी चारपर्यंत कडक ऊन, साडेचारला वारं सुटतं. तेव्हा उघड्या लॉनवरची एलईडी वॉल म्हणजे शीड होते. ट्रसला वजन बांधलेलं नसेल तर माणसांच्या अंगावर येते. वारं वाढलं की वॉल खाली घ्यायची, भले वधूपिता कितीही ओरडो. हे लेखी ठरवून ठेव.

बुफे_विरोधी:
मी उलट बाजूनं, म्हणजे गिऱ्हाईक म्हणून बोलतो. मुलीच्या लग्नाला मॅनेजर नेमला होता. कार्यालयवाल्यांनी सांगितलं, डेकोरेटर आमचाच, बाहेरचा आणला तर जादा आकार. केटरर पण त्यांच्याच यादीतला. मग मॅनेजरनं काय केलं? कार्यालयवाल्याला फोन लावले, जे मीही लावले असते. नंतर कळलं, डेकोरेटरकडून त्याला कमिशन होतं आणि तेवढे पैसे आमच्याच बिलात चढवले होते. कोण ते सांगत नाही. पण नव्या भिडूच्या वडिलांचा प्रश्न मला शंभर टक्के पटतो. मधे पैसे कशाबद्दल?

चौघडा_मिरज:
हा मुद्दा कळीचा आहे. आमच्याकडं येणारे निम्मे मॅनेजर पहिलं वाक्य टाकतात, "माझं किती?" देतो आम्ही, नाही म्हणून सांगता येत नाही. पण सांगली-मिरज केवढीशी आहे? मांडववाल्याचा साडू वधूपित्याच्या शेजारी राहतो. आकडा संध्याकाळपर्यंत पोचतो, आणि तो मॅनेजर पुढच्या लग्नसराईत दिसत नाही.

वाईकर:
कमिशनला माझा सरसकट विरोध नाही. महाबळेश्वरला सगळी व्यवस्थाच त्यावर चालते. पण ते गिऱ्हाइकाला माहीत असावं.

कृष्णाकाठची:
"माहीत असावं" म्हणजे सांगायचं कधी? बिलाच्या दिवशी सांगितलं तर ते सांगणं नव्हे. मी माझी फी वेगळी लावते आणि मांडव, फुलं, जेवणाची बिलं गिऱ्हाइकाच्या नावानं थेट करते. कमाई कमी दिसते, पण बुफे_विरोधींच्या प्रश्नाला उत्तर कागदावरच असतं. या फीमध्ये मी पहाटे पाचपासून उभी आहे, रात्री शेवटची खुर्ची जाईपर्यंत. तुम्ही एकच नंबर फिरवायचा. फुलवाला नाही आला तर तो माझा ताप, तुम्ही कन्यादान करा.

कर_सल्ला:
ताईंच्या पद्धतीला हिशेबाची बाजूही आहे. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढं गेली की जीएसटी नोंदणी लागते, आणि इव्हेंट मॅनेजमेंटला दर १८ टक्के. अख्ख्या लग्नाचा ठेका स्वतःच्या नावावर घेतला तर जेवण-मांडवासकट पूर्ण बिल तुमची उलाढाल धरलं जातं, भले हातात त्यातले थोडेच राहोत. दोन-तीन मोठी लग्नं केली की मर्यादा ओलांडलीच. फक्त फी घेतली तर चित्र वेगळं. करार करायच्या आधी आपल्या सीएला विचारा, नंतर नको. आणि कंपन्यांची कामं घेतलीत तर ते टीडीएस कापूनच पैसे देतात, तेही कधी कधी दोन-तीन महिन्यांनी. मांडववाला तेवढा थांबत नाही. तेवढं खेळतं भांडवल हाताशी लागतं. सामानापेक्षा त्याची सोय आधी करा.

हळदपेठ:
दोन-तीन महिने? नशीबवान गिऱ्हाइकं आहेत तुमची.

नवा_भिडू_सांगली:
सगळं दोनदा वाचलं. वडिलांनाही वाचून दाखवलं. कृष्णाकाठची ताईंच्या उत्तरावर ते म्हणाले, "ही बाई काम देत असेल तर तिच्याकडं राहा आधी." 😀

एक प्रत्यक्ष काम आलंय, मामेबहिणीचा साखरपुडा, छोटा हॉल. मुलाच्या काकांना एंट्रीला कोल्ड पायरो (ठिणग्यांचं कारंजं), आत ड्रोन आणि मागं थर्माकोलचा मोठा महाल हवाय. काय करू?

कागदपत्र:
सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. महाल रद्द. पायरोला "कोल्ड" म्हणत असले तरी ठिणगी ती ठिणगीच, आणि हॉलच्या पडद्याला ते नाव वाचता येत नाही. हॉलमालकाची लेखी परवानगी, अग्निशामक सिलिंडर आणि तो चालवता येणारा माणूस, हे तिन्ही असेल तरच विचार. बंद हॉलात माणसांच्या डोक्यावर ड्रोन नको.

आमटीभात:
काकांना सुरळीच्या वड्या खायला घाल, पायरो विसरतील.

कृष्णाकाठची:
काकांना "नाही" म्हणू नकोस. कापडाचा आणि खऱ्या फुलांचा बॅकड्रॉप दाखव, दोन नमुने ने, त्यातला एक त्यांना निवडू दे. निवड त्यांची झाली की महाल आपोआप जातो. आणि वडिलांना सांग, काम आहे. पुढच्या महिन्यात माझ्याकडं दोन बारशी लागून आहेत, व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.

चौघडा_मिरज:
त्याआधी बुधवारी सकाळी सातला आमच्या गोडाऊनला ये. मोठा मांडव उतरवायचाय आणि दोन माणसं गावाला गेलीत. नळ, कनाती, दोर कसा बांधतात ते हातानं केल्याशिवाय कळत नाही. पत्ता व्यनि करतो. चप्पल नको, बूट घालून ये, खिळे असतात.

नवा_भिडू_सांगली:
येतो काका.

हळदपेठ:
विसार न देता मजूर मिळवला काकांनी. शिका रे.